औचित्य कोणाच्या मालकीचे?

‘प्रोप्रायटी’ हा इंग्रजी शब्द आपल्याकडे नियमाने ऐकू येतो तो दोन ठिकाणी. एक विधिमंडळात, जिथे ‘औचित्याचा मुद्दा’ असे त्याचे मराठी होऊन तो कामकाजात मुरला आहे. दुसरे ठिकाण म्हणजे सुशिक्षितांच्या गप्पा, जिथे त्याचा उच्चार बहुधा नाक मुरडूनच होतो. ‘कसली प्रोप्रायटी घेऊन बसलात!’ एवढे म्हटले की समोरचा गप्प होतो. आपण फार जुनाट, फार सोवळे बोललो की काय, असे त्याला वाटू लागते. या शब्दाची अशी अवस्था ज्या मतामुळे झाली ते मत मला चुकीचे वाटते. नुसते चुकीचे नव्हे, ज्यांच्या सोयीचे ते आहे त्यांच्याकडे पाहता धोक्याचेही वाटते. पण खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे. दुबळा प्रतिपक्ष उभा करून त्याला पाडण्यात पुरुषार्थ नाही.

पूर्वपक्षाचे म्हणणे असे. प्रोप्रायटी म्हणजे बड्या घरच्यांनी ठरवलेल्या चालीरीती. कोणी कोणाशी आधी बोलावे, स्त्रीने कुठे एकटे जावे, जेवणाच्या टेबलावर कोणता विषय काढू नये, यांचे ते नियम. त्यांचा संबंध चांगले असण्याशी नाही, चांगले दिसण्याशी आहे. काळ बदलला की ते बदलतात, म्हणजे त्यांत टिकाऊ असा आशय नाही. आणि लोकशाहीत त्यांची गरजही नाही, कारण कायदा आहे. जे बेकायदा नाही त्यावर बोट ठेवण्याचा अधिकार कोणाला?

या म्हणण्याला पुरावे नाहीत असे कोणी समजू नये. शेक्सपिअरच्या नाटकांतले ‘नको ते’ शब्द गाळून बाउडलर कुटुंबाने ‘फॅमिली शेक्सपिअर’ काढले. १८१८ च्या आवृत्तीच्या शीर्षकपानावर गाळणीचे कारण दिले आहे, आणि त्या कारणात हाच शब्द बसला आहे: कुटुंबात मोठ्याने वाचताना औचित्याला धरून होणार नाहीत असे शब्द वगळले आहेत. कात्री हातात आणि ओठावर प्रोप्रायटी! त्याआधी जेम्स फोर्डाइस यांची तरुण स्त्रियांसाठीची प्रवचने १७६६ मध्ये निघाली होती. १७७४ मध्ये डॉ. जॉन ग्रेगरी यांचे मुलींना उपदेश करणारे पुस्तक आले. शिकलेली असलीस तरी ते पुरुषांपासून लपवून ठेव, असा सल्ला त्यात आहे. मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये या दोघांनाही धारेवर धरले ते योग्यच होते. १७९८ च्या ‘स्पीड द प्लाऊ’ या थॉमस मॉर्टनच्या नाटकात तर शेतकऱ्याची बायको ऊठसूट एकच काळजी करते, की शेजारच्या मिसेस ग्रंडी काय म्हणतील. या मिसेस ग्रंडी रंगमंचावर एकदाही येत नाहीत. न येताच इंग्रजी भाषेत त्या अमर झाल्या. आपल्या ‘लोक काय म्हणतील’ला इंग्रजीत असे नाव मिळाले.

एवढी सामग्री पाहिल्यावर कोणीही म्हणेल की निकाल लागला. मी वाचकांना थोडे थांबायला सांगतो. कारण ही सगळी सामग्री एका गोष्टीचा पुरावा आहे: या शब्दाचा गैरवापर झाला. गैरवापर हा शब्दाचा अर्थ असतो काय? धर्म, न्याय, स्वातंत्र्य यांच्या नावाने काय काय झाले ते पाहून त्या शब्दांचे अर्थ लावायचे ठरवले तर कोशात एकही शब्द सुटणार नाही.

आधी शब्दाची कुळी पाहू. लॅटिन ‘प्रोप्रियस’ म्हणजे स्वतःचा. त्यातून जसा ‘प्रॉपर्टी’ आला तसाच ‘प्रोप्रायटी’ आला, आणि कितीतरी काळ हे दोघे एकमेकांच्या जागी वावरत होते. १६५१ च्या ‘लेव्हायथन’मध्ये टॉमस हॉब्जला मालमत्तेविषयी बोलायचे असते तेव्हा तो ‘प्रोप्रायटी’ लिहितो. आपल्या बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्यांवर मालकाच्या नावाआधी ‘प्रोप्रा.’ लिहिलेले असते, ते याच घराण्यातले. १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनने आपल्या कोशात या शब्दाचे अर्थ दिले ते असे: मालकीचा अनन्य हक्क, आणि अचूकपणा. ज्याचे त्याला लागू पडणे, नेमके बसणे. चहाचा कप कसा धरावा याच्याशी या दोन्ही अर्थांचे काही नाते दिसते का? जी गोष्ट ज्याची आहे त्याला ती मिळणे, आणि जी गोष्ट जिथे बसते तिथे ती असणे, हा मूळ गाभा आहे. शिष्टाचार नंतर आला आणि वर येऊन बसला. घर त्याने बांधलेले नाही.

पूर्वपक्ष म्हणेल, व्युत्पत्तीने अर्थ सिद्ध होत नाही. बरोबर. व्युत्पत्ती हा माझा पुरावा नाही, ती केवळ दिशा आहे. पुरावा पुढे आहे.

१७५९ मध्ये ॲडम स्मिथचे ‘थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’ प्रसिद्ध झाले. अर्थशास्त्राचा जनक म्हणून आपण ज्याला ओळखतो त्याचा हा पहिला ग्रंथ. त्याची सहावी, पुष्कळ वाढवलेली आवृत्ती मृत्यूच्या वर्षी, १७९० मध्ये, निघाली. या ग्रंथाच्या पहिल्या भागाचे नावच ‘कृतीचे औचित्य’ असे आहे, आणि इंग्रजी शब्द तोच, प्रोप्रायटी. त्यात शिष्टाचाराचे नियम शोधू जाल तर निराश व्हाल. स्मिथ म्हणतो की कोणत्याही भावनेकडे दोन बाजूंनी पाहता येते. तिचा रोख कोणत्या परिणामाकडे आहे, यावरून तिचे गुणदोष ठरतात. पण ती ज्या कारणाने उठली त्या कारणाच्या मानाने ती योग्य प्रमाणात आहे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला तो औचित्य म्हणतो. औचित्य म्हणजे प्रमाण. कारण आणि भावना यांतले, प्रसंग आणि कृती यांतले प्रमाण.

हे प्रमाण ठरवणार कोण? मिसेस ग्रंडी? इथेच स्मिथ पूर्वपक्षाच्या हातून निसटतो. त्याचा न्यायाधीश शेजारी नाही, समाज नाही, वरचा वर्गही नाही. तो कल्पनेतला एक तटस्थ साक्षी आहे, ज्याला सगळी परिस्थिती ठाऊक आहे आणि ज्याचा त्यात कोणताही स्वार्थ नाही. शेजाऱ्याला परिस्थिती अर्धवट ठाऊक असते आणि रस मात्र पुरेपूर असतो. म्हणजे मिसेस ग्रंडी या साक्षीची प्रतिनिधी तर नव्हेच, त्याच्या नेमकी उलट आहे.

आणखी एक. औचित्य म्हणजे भावना दाबणे, असा समज आहे. स्मिथला तो मान्य नाही. अति भावनेला तो जसा अनुचित म्हणतो तसाच अभावालाही. स्वतःच्या मुलांबद्दल काहीच न वाटणारा बाप त्याच्या लेखी संयमी नाही, राक्षस आहे. आणि तोच स्मिथ औचित्याला सद्गुण मानायलाही तयार नाही, हे विशेष. भूक लागल्यावर जेवणे सर्वस्वी उचित आहे, पण जेवला म्हणून कोणाला सद्गुणी म्हणणे हास्यास्पद, असे तो स्पष्ट सांगतो. ज्या शब्दावर सोवळेपणाचा आरोप आहे त्याचा सर्वांत मोठा भाष्यकार त्याला एवढ्या साध्या जागी बसवतो. औचित्याने माणूस संत होत नाही. तो फक्त प्रसंगाला चुकत नाही.

आता कादंबरीकडे येऊ. पूर्वपक्षाची सर्वांत आवडती साक्षीदार जेन ऑस्टिन आहे. टोप्या, नाचाचे जलसे, औपचारिक भेटी: तिच्या जगापेक्षा प्रोप्रायटीचे मोठे माहेर कोणते? साक्षीदार त्यांनीच बोलावली आहे, तेव्हा उलटतपासणीचा हक्क मला आहे.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) मध्ये आजारी बहिणीला भेटायला एलिझाबेथ बेनेट चिखल तुडवत तीन मैल एकटी चालत जाते. पायमोजे मळलेले, चेहरा तापलेला. बिंगलेच्या बहिणींच्या मते हे शिष्टसंमत नाही. पण स्वतः बिंगले म्हणतो की यात तिचे बहिणीवरचे प्रेम दिसते. वाचकाने कोणाच्या बाजूने असावे याबद्दल ऑस्टिन तिळमात्र शंका ठेवत नाही. प्रसंग बहिणीच्या आजाराचा आहे. त्या प्रसंगाला चिखलाचे पाय शोभतात, नाक मुरडणे शोभत नाही. त्याच कादंबरीत फोर्डाइसची ती प्रवचने मोठ्याने वाचायला कोण घेतो? कॉलिन्स. पुस्तकातला सर्वांत मोठा मूर्ख. तीन पाने होताहोता धाकटी लिडिया त्याला मधेच तोडते. आणि कादंबरीत सर्वांत उद्धट कोण वागते? पदवीने सर्वांत वर असलेली लेडी कॅथरीन. वरच्या वर्गाच्या चालीरीती म्हणजेच प्रोप्रायटी असती तर ही बाई तिची मूर्ती ठरायला हवी होती. ऑस्टिनने तिला विनोदाचा विषय केले.

‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ (१८११) मध्ये मॅरिअन एका तरुणाबरोबर त्याला वारशाने मिळणार असलेले घर पाहून येते. घराची मालकीण, म्हातारी मिसेस स्मिथ, त्याच घरात असते आणि मॅरिअनची तिच्याशी साधी ओळखही नसते. थोरली बहीण एलिनॉर हे बरे नव्हे म्हणते, तेव्हा मॅरिअनचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे: माझे खरोखर काही चुकत असते तर मला ते तेव्हाच जाणवले असते, आणि मग मला आनंद झालाच नसता. एलिनॉरने आधीच बजावलेले असते, की एखादी गोष्ट सुखाची असणे हा ती उचित असल्याचा पुरावा नव्हे. लक्षात घ्या, इथे ‘लोक काय म्हणतील’ हा मुद्दा मुख्य नाहीच. मुद्दा त्या म्हातारीचा आहे. घर तिचे, आणि तिला न विचारता, तिला न भेटता, तिच्या दालनांतून फिरणे, तेही वारसाच्या नजरेने! मालकी आणि औचित्य यांचे जुने नाते इथे पुन्हा जागे होते.

पण माझा खरा पुरावा ‘एमा’त आहे, आणि त्यासाठी बाकीचे सगळे सोडून द्यायलाही मी तयार आहे. बॉक्स हिलवरच्या सहलीत खेळ ठरतो: प्रत्येकाने एक फार हुशारीचे वाक्य बोलावे, किंवा दोन बऱ्यापैकी, किंवा तीन अगदी रटाळ. गरीब, बडबडी, भाबडी मिस बेट्स म्हणते, तीन रटाळ वाक्ये तर माझ्या तोंडून सहज निघतील. श्रीमंत, देखणी, हुशार एमा चटकन म्हणते की अडचण एवढीच आहे, एका वेळी तीनच्या वर जाता येणार नाही. मिस बेट्सला टोमणा क्षणभराने कळतो. ती रागावत नाही. लाल होते, आणि बोलते त्यात स्वतःलाच दोष देते.

यात कोणता शिष्टाचार मोडला? एकही नाही. वाक्य चतुर होते, आवाज चढलेला नव्हता, शब्द सभ्य होते. सहलीतल्या खेळात थट्टा चालतेच. मग एमाचा जुना स्नेही नाइटली तिला बाजूला घेऊन एवढे का सुनावतो? त्याचे कारण तो स्वतः सांगतो: ती श्रीमंत असती तर मी काही बोललो नसतो. तुझ्या बरोबरीची असती तर बोललो नसतो. पण ती गरीब आहे, चांगल्या दिवसांतून खाली आलेली आहे, आणि तुझे पाहून इतरही तिला तसेच वागवतील. हे औचित्य आहे. शब्द तोच, विनोद तोच. समोरचे माणूस बदलले की गुन्हा ठरतो. ज्याच्या हातात जास्त आहे त्याच्यावर जास्त बंधन. पूर्वपक्षाने सांगितले होते की प्रोप्रायटी हे वरच्यांनी खालच्यांसाठी केलेले कुंपण आहे. इथे ते कुंपण कोणाभोवती पडले?

‘पण मग हे सगळे माणसागणिक, प्रसंगागणिक बदलते,’ असे म्हणणारा आक्षेपक आता पुढे सरसावेल, ‘म्हणजेच ते पोकळ आहे.’ हा आक्षेप ऐकायला भारदस्त आणि तपासायला गेले तर फारच हलका आहे. वैद्य देश, काल आणि प्रकृती पाहून औषधाची मात्रा बदलतो; म्हणून औषधच खोटे, असे कोणी म्हणत नाही. बदलणे आणि मनमानी यांत फरक आहे. जे कारणाने बदलते ते मनमानी नसते. सिसेरोने ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये ‘दे ऑफिसिस’ लिहिताना हे ओळखले होते. ग्रीक तत्त्वज्ञांच्या ‘प्रेपोन’साठी तो ‘डेकोरम’ हा लॅटिन शब्द घेतो आणि म्हणतो की नैतिक चांगुलपणापासून तो वेगळा काढताच येत नाही. पुढे तो सांगतो की माणसाला एकाच वेळी अनेक भूमिका निभवायच्या असतात: सर्व माणसांना समान असलेली, स्वतःच्या स्वभावाची, परिस्थितीने दिलेली आणि आपण निवडलेली. त्याचे उदाहरण केटोचे आहे. सीझरपुढे मान तुकवण्यापेक्षा मरण पत्करणे केटोला शोभले. त्याच परिस्थितीतल्या इतरांनी तेच केले असते तर कदाचित दोषास्पद ठरले असते, कारण त्यांचे सारे आयुष्य केटोसारखे कठोर नव्हते. सर्वांना एकाच साच्यात बसवणारा विचार असा असतो काय?

आपल्याकडे अकराव्या शतकातल्या काश्मिरात क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली. तिथला विषय काव्याचा आहे, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही. पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. अनौचित्य दाखवताना तो अलंकार चुकीच्या अंगावर घातल्याचे हास्यास्पद चित्र उभे करतो, आणि त्याच्याच शेजारी शरणागतावर गाजवलेले शौर्य ठेवतो. म्हणजे गळ्यातला कमरपट्टा आणि शरण आलेल्यावरची तलवार या त्याच्या लेखी एकाच जातीच्या चुका आहेत. बॉक्स हिलवर एमाने दुसरे काय केले होते? दुसरी गोष्ट: औचित्याचा हा आचार्य ‘नर्ममाला’ आणि ‘देशोपदेश’ यांत लाचखाऊ कारकुनांची, ढोंगी गुरूंची आणि दांभिकांची अशी रेवडी उडवतो की आजच्या व्यंगलेखकाने कान धरावेत. औचित्य म्हणजे ढोंगाची ढाल, असे ज्यांना वाटते त्यांनी ढोंग्यांची सालटी काढणारा हाच माणूस औचित्यावर ग्रंथ का लिहितो, याचे उत्तर द्यावे.

खरे सांगायचे तर पोकळ झालेला शब्द वेगळाच आहे, आणि त्याला कोणी काही म्हणत नाही. आजच्या इंग्रजी व्यवहारात ‘प्रोप्रायटी’ची जागा ‘ॲप्रोप्रिएट’ आणि ‘इनॅप्रोप्रिएट’ या जोडीने घेतली आहे. कार्यालयातली पत्रे, शाळांच्या सूचना, कंपन्यांचे खुलासे, सगळीकडे ‘इनॅप्रोप्रिएट’ वागणूक. कोणती वागणूक? कोणाशी? कशाच्या मानाने अयोग्य? पत्रात पत्ता नसतो. छळापासून उशिरा येण्यापर्यंत काहीही त्यात मावते. मुळात या विशेषणाला ‘कशाला’ किंवा ‘कोणासाठी’ अशी चतुर्थी लागते. ती कापली की उरते केवळ नापसंतीची मोहोर. आपण मराठीत तरी शहाणे आहोत काय? ‘मा. साहेबांच्या वाढदिवसाचे औचित्य साधून’ मोफत नेत्रतपासणी होते, रक्तदान होते, फ्लेक्स लागतो. औचित्याचा अर्थ तिथे निमित्त एवढाच उरला. बोलीने मात्र मूळ अर्थ सांभाळला आहे. ‘त्याला पाचपोच नाही’ असे आजी म्हणते तेव्हा तिला टेबलावरचे काटेचमचे अभिप्रेत नसतात. कुठे, कोणापुढे, केव्हा काय बोलावे याचे भान त्याला नाही, एवढेच तिला म्हणायचे असते. स्मिथचा पहिला भाग तिच्या एका शब्दात आला.

आता पूर्वपक्षाच्या शेवटच्या आणि सर्वांत वजनदार मुद्द्याकडे: कायदा असताना औचित्य कशाला? इथे मला विनयाने सांगायचे आहे की आक्षेपकांनी सरकारी नियमांची पुस्तके चाळलेली दिसत नाहीत. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, २०१७ च्या संहितेतला नियम २१ पाहावा. त्याचा विषय ‘वित्तीय औचित्याचे निकष’ हा आहे. सार्वजनिक पैसा खर्च करताना अधिकाऱ्याने तेवढीच दक्षता घ्यावी, जेवढी सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या पैशाबाबत घेतो. प्रसंगाला लागेल त्याहून सकृद्दर्शनी अधिक खर्च होऊ नये. आणि ज्यातून आपलाच प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष फायदा होईल असा खर्च मंजूर करण्यासाठी कोणी आपला अधिकार वापरू नये. पुन्हा वाचा. पहिल्या निकषात ‘स्वतःचा’ आहे, म्हणजे लॅटिन ‘प्रोप्रियस’. दुसऱ्यात ‘प्रसंगाच्या मानाने’ आहे, म्हणजे स्मिथचे प्रमाण. तिसऱ्यात निःस्वार्थ साक्षी आहे. नियम लिहिणाऱ्यांनी स्मिथ वाचला होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. शब्दाने आपला अर्थ बरोबर वाहून आणला.

हे निकष कशासाठी लागले? कारण मंजुरी आहे, निविदा आहे, सही आहे, तरतूद आहे, आणि तरीही खर्च लाजिरवाणा आहे, असे रोज घडू शकते. लेखापरीक्षक म्हणूनच दोन प्रश्न वेगळे विचारतात: खर्च नियमानुसार झाला का, आणि खर्च उचित होता का? पहिला प्रश्न पुरेसा असता तर दुसरा कोणी विचारलाच नसता.

ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या भत्त्यांची प्रकरणे ‘डेली टेलिग्राफ’ने बाहेर काढली. काहींवर खोट्या हिशेबांचे खटले झाले आणि ते तुरुंगात गेले. पण लोकांचा संताप त्या मूठभरांपुरता नव्हता. घराभोवतीच्या खंदकाच्या साफसफाईचा खर्च ज्या यादीत दिसला, त्या यादीने देश पेटला. आणि खासदारामागून खासदार एकच उत्तर देत होता: सगळे नियमात होते. नियमात होते, हे बऱ्याच जणांबाबत खरेही असेल. मग स्पीकर मायकेल मार्टिन यांना पायउतार का व्हावे लागले? भत्त्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण का नेमावे लागले? कारण जनतेने जो प्रश्न विचारला तो नियमांचा नव्हता. त्या देशाच्या कॅबिनेट ऑफिसात ‘प्रोप्रायटी अँड एथिक्स’ या नावाचा विभाग आहे. व्हिक्टोरिया राणीबरोबर शब्द मेला असे म्हणणाऱ्यांनी ती पाटी वाचावी.

महाराष्ट्राने तर याहून थोर उदाहरण पाहिले आहे. जुलै १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मुंबईचा प्रश्न आपल्या सर्वांना पाठ आहे, पण त्यांच्या आक्षेपांतला एक बहुतेक वेळा विसरला जातो. मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होताच जाहीर झाला, असे त्यांचे म्हणणे होते. नेहरूंना ते मान्य नव्हते. वस्तुस्थिती कोणाच्या बाजूची, हा वाद इथे नको. वादाचे स्वरूप पाहा: देशमुख कोणता कायदा मोडला असे म्हणत नव्हते. सहकाऱ्यांना जे विचारणे त्यांच्या पदाचे देणे होते ते विचारले गेले नाही, असे म्हणत होते. कायद्याच्या भाषेत ही तक्रार मांडून दाखवावी. येणार नाही.

स्त्रियांविषयी पूर्वपक्षाने जे म्हटले त्याला उत्तर द्यायचे राहिले. तिथे मी एक पाऊल मागे घेतो, आणि एकच. शतकानुशतके औचित्याच्या नावाने स्त्रियांचे बोलणे, शिकणे, फिरणे अडवले गेले, हे निर्विवाद. पण ते का चूक होते? तिथे न्यायाधीश तटस्थ नव्हता, म्हणून. डॉ. ग्रेगरींनी मुलींना विद्या लपवायला सांगितले ते मुलींच्या प्रसंगाकडे पाहून नव्हे, पुरुषांच्या अहंकाराकडे पाहून. विद्येला लपणे शोभते असे कोणता निःस्वार्थ साक्षी म्हणेल? म्हणजे त्या सल्ल्याचे खंडनही औचित्याच्याच कसोटीने होते. कसोटीच फेकून दिली तर वुलस्टनक्राफ्टच्या हातात काय राहते?

उरला ‘दिसण्या’चा मुद्दा. प्रोप्रायटी म्हणजे केवळ दिसणे, असे म्हणतात. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात मॅकार्थी नावाच्या मोटारसायकलस्वाराचा अपघात झाला. धोकादायक रीतीने वाहन चालवल्याचा खटला दंडाधिकाऱ्यांपुढे उभा राहिला. त्या दंडाधिकाऱ्यांचा जो बदली कारकून होता तो वकिलांच्या एका पेढीचा भागीदार होता, आणि तीच पेढी जखमींच्या वतीने मॅकार्थीवर भरपाईचा दावा चालवत होती. निकालाचा विचार करायला दंडाधिकारी आत गेले. कारकूनही बरोबर गेला, कायद्याचे काही विचारायचे झाले तर असावा म्हणून. आत त्यांनी त्याला काहीही विचारले नाही. तो काहीही बोलला नाही. हे कोणी नाकारले नाही. तरीही १९२३ मध्ये लॉर्ड ह्यूअर्ट यांच्या न्यायासनाने शिक्षा रद्द केली. न्याय होणे पुरेसे नाही, तो निःसंदिग्धपणे होताना दिसला पाहिजे, हे वकिलांच्या तोंडी असलेले तत्त्व त्याच निकालाने रूढ केले. इथे ‘दिसणे’ हा मखलाशीचा भाग नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या आरोपीला आत काय झाले ते कळण्याचा दुसरा मार्गच नसतो. दिसणे हा त्याचा हक्क आहे.

आता वाचकांनीच सांगावे, त्या कारकुनाने काय चूक केली? तो खोटे बोलला नाही. त्याने लाच घेतली नाही, गुन्हा केला नाही. कोणाशी उद्धटपणे वागला नाही, टोपी काढायला विसरला नाही. मिसेस ग्रंडींना त्यात काही वावगे दिसले नसते. बेकायदा म्हणता येत नाही, असभ्य म्हणता येत नाही, पाप तर नाहीच नाही. तरी तो आत जायला नको होता, हे वाचकांना पटले असेल, तर त्या ‘नको होता’ला औचित्याखेरीज दुसरा कोणता शब्द द्यायचा, तो पूर्वपक्षाने आणून दाखवावा. मी तो मान्य करीन.